पुलापलीकडची भट्टी

देल्फिना आयाला डोक्यावर टोपली घेऊन निघाली, की नदीकाठच्या एन्कार्नासिओन गावाच्या चढावर नाटकातली राणी प्रवेश करत्येय असं वाटे. एक हात टोपलीला, दुसरा कमरेवर, आणि आवाज असा की पाराना नदीतला नावाडीसुद्धा मान वर करी. "चिपाऽऽ! गरम चिपाऽऽ!" साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, चीज आणि बडीशेप यांची ती भाजलेली, बांगडीसारखी गोल कडी. मातीच्या भट्टीतून काढायची, पांढऱ्या कापडात गुंडाळायची, आणि ऊब आहे तोवर सरहद्दीवरचा पूल ओलांडून अर्जेंटिनाच्या पोसादास गावात नेलिदाच्या दुकानी पोचवायची. उभा जन्म तिनं हेच केलं.

मग दोन्ही देशांनी व्यापार एक करायचं ठरवलं. पुलावर छोट्या विक्रेत्यांसाठी वेगळी खिडकी उघडली. कर माफ, पण खाण्याचा जिन्नस बंद पाकिटात हवा, वर नावगाव छापलेलं. उघडी टोपली बंद झाली. नेलिदानं निरोप धाडला, "उद्या दुपारपर्यंत तुझा माल रीतसर आला नाही, तर मी ब्राझीलच्या कारखान्याचा चिपा ठेवणार. मला दुकान चालवायचंय, बाई."

देल्फिना दुसऱ्या दिवशी सकाळीच खोकं घेऊन खिडकीपुढे उभी राहिली. मागे तिची शेजारीण ओबदुलिया, गिरणीतल्या, त्याच कंदाच्या पिठाच्या छापील पिशव्या हातगाडीवर घेऊन.

"काय गं, टोपली नाही तर मान किती बारीक दिसते तुझी!"

"गप बस. आधी शिक्का मिळू दे."

तपासनिसानं एक पाकीट उचललं, उजेडात धरलं. आतून धुकं दाटलेलं, थेंब ओघळत होते.

"न्या देल्फिना, आत पाऊस पडलाय की!" तो म्हणाला; 'न्या' म्हणजे त्यांच्याकडचं आदराचं 'बाई'.

रांग खळखळून हसली. देल्फिनाचे कान तापले. आधी पूर्ण गार करा, मग पाकीट बंद करा, असं तिला खिडकीवर बजावून सांगितलं होतं. पण गार चिपा गिऱ्हाइकाला द्यायचा? तिची आई असती तर तिनं लाटणं फेकून मारलं असतं. म्हणून तिनं भट्टीतून काढल्या काढल्या पाकिटं बंद केली होती, आणि वर खोक्याला घोंगडीही गुंडाळली होती.

"बुरशी धरायला उरतात कुठे? आजच संपतात हो ते!"

"माहीत आहे, न्या. मीही लहानपणापासून खातोय. पण ओल्या पाकिटावर शिक्का मारता येत नाही मला."

देल्फिना बाजूला झाली. ओबदुलियाच्या पिठावर मात्र धाडधाड शिक्के पडले. देल्फिना त्या पिशव्यांकडे बघतच राहिली.

"ओबदुलिया, एक पिशवी मला दे."

"पलीकडे जाऊन काय, भिंती सारवणार?"

"नेलिदाकडे पिझ्झाची भट्टी आहे. चीज तिच्याच दुकानात मिळेल. हात माझे आहेत."

"आणि हे खोकं?"

देल्फिनानं पाकिटं फाडली आणि सगळ्या रांगेला चिपे वाटले. एक खिडकीतून आत सरकवला. "ह्याला तर शिक्का नको ना?"

ती पिठाची पिशवी घेऊन धापा टाकत दुकानी पोचली, तेव्हा कारखान्याची गाडी दारात उभी होती आणि ड्रायव्हर खोकी मोजत होता. नेलिदानं तिच्या रिकाम्या डोक्याकडे पाहिलं.

"आला नाही ना माल?"

"मी आल्येय. भट्टी पेटव."

"वेडी आहेस का! दुपार झाली."

"गरम खायचाय की गोठलेला?"

नेलिदा पुटपुटली, पण तिनं गॅस लावला. देल्फिना पीठ मळू लागली. ड्रायव्हर दारातून दर थोड्या वेळानं विचारी, "बाई, उतरवू का?" देल्फिना कडी वळून भट्टीत सरकवत राहिली.

पहिलं कडं बाहेर आलं. देल्फिनानं ते नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा पडला. लाकडाच्या धुराचा वास नव्हता. तरी तिनं ते पांढऱ्या कापडात ठेवलं आणि नेलिदापुढे धरलं.

नेलिदानं तुकडा मोडला. चीजची तार लांबली.

"बाई, उतरवू का शेवटी?" ड्रायव्हर ओरडला.

तोंड भरलेलं होतं. नेलिदानं नुसताच हात हलवला, माशी हाकलावी तसा.

देल्फिना दाराशी गेली, कमरेवर हात ठेवला. पुलाच्या त्या बाजूला तिची भट्टी आज गार पडणार होती. तिनं घसा खाकरला, "चिपाऽऽ!" अशी हाक दिली, आणि समोरच्या बसथांब्यावरच्या साऱ्या माना वळल्या.