जांभळाच्या दोन बाटल्या

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात दारूची बाटली पहिल्यांदा आली ती एका मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, कापडी पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून. कोथिंबीर मीच ठेवली होती. वय माझं बासष्ट. जामनेरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस मी, आणि कॉलनीतून स्कूटर हाकताना मला वाटत होतं की प्रत्येक गच्चीवरून कोणीतरी माझ्या पिशवीकडेच बघतंय. गच्च्या सगळ्या रिकाम्या होत्या. मे महिन्यात अकरा वाजता जळगावात गच्चीवर कोण असणार? डांबरावरून वाफ उठत होती आणि समोरून येणारी रिक्षा पाण्यात हलल्यासारखी हलत होती. ते दिवस आठवले की मला सगळं तसंच दिसतं, थोडं हलतं, थोडं विरघळलेलं.

बाटल्या एका जर्मन आजोबांसाठी होत्या. आमची मुलगी तिकडे एका नदीकाठच्या गावात राहते, दुसऱ्या मजल्यावर. हे आजोबा तळमजल्यावर एकटे. फेब्रुवारीत तिच्या पोटात दिवस भरायच्या आधीच दुखू लागलं, जावई कामासाठी दुसऱ्या शहरात गेलेला, आणि बाहेर बर्फ. तिनं जिन्यावरून नुसती हाक मारली. आजोबांनी तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळपर्यंत तिचा कोट मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिले. नात झाली. जावई पोचल्यावर कोट त्याच्या हातात देऊन ते निघून गेले. नंतर आभार मानायला गेलं की विषय बदलायचे.

मुलगी फोनवर म्हणाली होती की आजोबा रविवारी जेवणानंतर एक छोटा प्याला वाइन घेतात, त्यांच्या वडिलांचे टेकडीवर द्राक्षाचे मळे होते, तेव्हा येताना आपल्याकडचं काहीतरी घेऊन या. नाशिककडे जांभळाची वाइन करतात असं मला कोणीतरी सांगितलं. जांभूळ म्हटल्यावर मी लगेच कबूल झालो. पहूरला वाघूर नदीच्या काठावर माझं बालपण गेलं, आणि तिथली जांभळं हा माझ्यासाठी फळाचा नव्हे, वेळेचा प्रकार आहे. परवान्याच्या दुकानात जाऊन दोन बाटल्या मागितल्या, तेव्हा माझा आवाज वर्गात पहिल्या दिवशी यायचा तसा आला.

पत्नीनं पिशवीतून कोथिंबीर काढली, बाटल्या बघितल्या आणि खुर्चीवर बसली. ती धुळ्याकडची. काळजीत पडली की ती अहिराणीत जाते. "हाई फुटनं तं बठ्ठ्या साड्या खराब व्हई जातीन," ती म्हणाली. बारशासाठी घेतलेली जरीकाठी साडी आणि नातीसाठी दोन महिने बसून शिवलेली छोटी गोधडी त्याच बॅगेत जायची होती.

नियम मी वाचले होते. हातातल्या सामानात बाटली चालत नाही, ती मोठ्या बॅगेतच टाकावी लागते. सील फोडलेलं नको. आणि ती बॅग पट्ट्यावरून आत गेली की आपल्या हातात काही उरत नाही. ती फेकली जाते, दाबली जाते, उलटी होते. मी एक बाटली टॉवेलात गुंडाळली, बॅगेत ठेवली आणि बॅग हलवून पाहिली. आतून ठक्क असा आवाज आला. तेव्हा मला काकाजी आठवले.

काकाजी आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. जुन्या बाजारात त्यांचं काचसामानाचं दुकान होतं. बरण्या, पेले, कंदिलांच्या काचा. फिरोजाबादहून माल यायचा तो खोक्यांत, आणि इथून पहूर, जामनेर, पार साक्रीपर्यंत जायचा तो एसटीच्या टपावरून. तो सगळा माल काकाजी स्वतः बांधायचे. पुढे मुलांनी दुकानात मोबाइल ठेवायला सुरुवात केली आणि काकाजी घरी बसले. आता वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. ते जैन आहेत, कांदासुद्धा त्यांच्या घरात शिजत नाही. त्यांना दारूच्या बाटल्या बांधायला सांगायचं कसं, या विचारात मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जाऊन एवढंच म्हणालो की काचेच्या दोन बाटल्या विमानातून न्यायच्या आहेत.

त्यांनी विचारलं, "आत काय?"

खोटं बोलता आलं असतं. सरबत म्हणालो असतो तरी लेबल त्यांना वाचता येत नव्हतं. पण मी खरं सांगितलं. कोणासाठी तेही सांगितलं, आणि त्या बाकावरच्या कोटाचं सांगितलं. काकाजींनी रस्त्याकडे तोंड करून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मी जन्मभर काच बांधली, सर. आत काय भरायचं ते गिऱ्हाईक ठरवायचं. माझ्या घरी नका आणू. मी येतो."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. कूलर चालू होता, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता, खिडक्यांना पत्नीनं ओल्या चादरी लावल्या होत्या. त्या हिरवट अंधारात काकाजी जमिनीवर बसले आणि बाटली हातात घेऊन तिच्यावरून बोटं फिरवू लागले. मान, खांदा, पोट, बूड. असं ते तिला नावं देत गेले. बाटली मानेत मोडते, म्हणाले, आणि बूड बुडावर आपटलं तर तिथे. पोटाला फारसं काही होत नाही.

आधी त्यांनी केळीचा वाळका पाला मागितला. जुन्या काळी ते त्यातच बांधायचे, नाहीतर सरकीसकट कापसात. मी सांगितलं की पाला, गवत, कच्चा कापूस असलं काही त्या देशात नेऊ देत नाहीत. त्यांना ते पटलं नाही, पण वाद घातला नाही. पत्नीनं जुन्या गोधडीच्या चिंध्या काढल्या. त्यांनी त्या गालाला लावून बघितल्या आणि चालतील म्हणून मान डोलावली.

मुलीनं फोनवर आणखी एक युक्ती सांगितली होती. बाटलीभोवती आधी लहान बाळाचं डायपर गुंडाळायचं, म्हणजे गळलं तरी ते पिऊन टाकतं. मी पाकीट पुढे केलं तेव्हा मला जरा संकोचच वाटला. काकाजींनी एक डायपर उलगडलं, ताणलं, त्यावर पाण्याचे चार थेंब टाकायला लावले आणि ते दिसेनासे झाल्यावर हसले. इतक्या वर्षांत एवढी चांगली वस्तू पाहिली नाही म्हणाले.

मग ते कामाला लागले. बुचावर चिकटपट्टी, मग डायपर, मग प्लास्टिकची पिशवी हवा काढून घट्ट बांधलेली, मग गोधडीची चिंधी मानेपासून खाली, फेटा बांधावा तशी. बाटलीचा आकार जाऊन तिथे एक गुबगुबीत गाठोडं तयार झालं. बॅगेत तळाला कपड्यांचा थर घातला, त्यावर मधोमध एक गाठोडं, मध्ये साडी आणि बाळाची गोधडी, मग दुसरं. चहूबाजूंनी मूठ मावेल एवढं अंतर, आणि त्या अंतरात माझे बनियन ठासून. वर-खाली असं काही नसतं, सहाही बाजू खाली आहेत असं समजून बांधायचं, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी मला बॅग हलवायला लावली आणि स्वतः कान लावून ऐकलं. कूलरच्या घरघरीखेरीज काहीच ऐकू आलं नाही.

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. उन्हात त्यांनी माझा दंड धरला होता. पायरी कुठे, खड्डा कुठे, ते मला विचारत होते. बांधताना कुठे काय आहे ते त्यांना एकदाही विचारावं लागलं नव्हतं.

मुंबईपर्यंतची रेल्वे, विमानतळ, दोन विमानं, या सगळ्याची मला सलग आठवण नाही. खिडकीतून खाली पांढरं काहीतरी लांबच लांब पसरलेलं, आणि शेजारी पत्नी हाताची घडी घालून बसलेली, एवढं दिसतं. तिकडे उतरलो तर बॅग आली नाही. ती दोन दिवसांनी एका माणसानं दारात आणून दिली. उघडली तर वर एक छापील कागद होता. बॅग तपासणीसाठी उघडण्यात आली आहे, असा त्याचा अर्थ मुलीनं सांगितला.

वरचं गाठोडं कोणीतरी सोडलं होतं. चिंधी तशीच वर टाकलेली, पिशवीचं तोंड उघडं, आणि बाटली मानेत मोडलेली, काकाजी म्हणाले होते तिथेच. डायपर फुगून उशीसारखं झालं होतं, बरंचसं त्यानं पिऊन टाकलं होतं. उरलेलं बाळाच्या गोधडीत उतरलं होतं. साडीला फक्त एका कोपऱ्यात डाग. पत्नीनं गोधडी तीनदा धुतली. जांभळा रंग फिका होत गेला, पण पूर्ण गेला नाही. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं ती वाळवली आणि त्याच गोधडीवर नातीला निजवलं.

खालचं गाठोडं जसंच्या तसं होतं.

रविवारी जेवणानंतर मुलगी-जावयासह आम्ही ते न सोडताच खाली घेऊन गेलो. कसं बांधलंय ते आजोबांनी बघावं असं मला वाटत होतं. ते उंच, किंचित वाकलेले, भुवया पांढऱ्या. त्यांनी चिंधी घाईनं ओढली नाही. एकेक वेढा उलगडत गेले आणि प्रत्येक तुकडा घडी करून टेबलावर ठेवला. डायपरपाशी आल्यावर थांबले, मुलीकडे बघितलं आणि मोठ्यानं हसले. मग पाच छोटे प्याले आणले.

मी कधी घेतली नव्हती. पत्नीनंही नाही. पण त्या खोलीत नाही म्हणणं मला जमलं नाही. खिडकीतून नदी दिसत होती, तिच्यावर एक लांब सपाट बोट जात होती, इतकी हळू की ती थांबली आहे आणि काठच सरकतोय असं वाटावं. मी एक घोट घेतला. आधी गोड, मग आंबट, मग जीभ जड झाली. ती जडता मी पन्नास वर्षांनी ओळखली. वाघूरच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसलो आहे, ओंजळीत मीठ लावलेली जांभळं आहेत, घरी परतायची कोणालाच घाई नाही. किती वेळ मी तिथे होतो कोण जाणे. पत्नी ओठ लावून प्याला खाली ठेवत होती. आजोबा डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी विचारलं की ही कुठली द्राक्षं. द्राक्षं नाहीत, मुलगी म्हणाली, आणि मोठं झाड असतं हे सांगायला तिनं हात वर केले. आजोबांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. मुलीनं ते मराठीत सांगितलं. "ते विचारतात, बाबा, त्या झाडाखाली सावली चांगली असते का?"

चांगली असते, मी म्हणालो.

ऑगस्टमध्ये परतलो. काकाजींना काय सांगायचं हा प्रश्न होताच. पत्नीचं मत होतं की दोन्ही नीट पोचल्या म्हणावं, म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं. पण ओट्यावर बसल्यावर त्यांनी माझ्याकडे तोंड करून जसं विचारलं, त्यापुढे ते जमलं नाही. एक फुटली, मी म्हणालो. कोणती, त्यांनी विचारलं. वरची. कुठे फुटली? मानेत. चिंधी कशी होती? सुटलेली होती, कोणीतरी उघडून पाहिलं होतं.

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. पण ते विचार करत होते. "चूक आपली आहे," ते म्हणाले. "उघडणारा उघडणारच. परत कसं बांधायचं ते त्याला कोण सांगणार? आत कागद पाहिजे होता."

त्याच दुपारी त्यांनी पुढच्या खेपेसाठी म्हणून मला कागद-पेन आणायला लावलं. ते सांगत गेले, मी आधी मराठीत लिहून मग इंग्रजी करत गेलो. चिंधी कुठून धरायची, कोणता हात वर, गाठ कुठे द्यायची. मध्येच ते थांबायचे आणि हवेतच बाटली धरून फिरवायचे, मग पुढचं वाक्य सांगायचे. चहा दोनदा गार झाला. एका कागदाचे तीन झाले. त्यांच्या सुनेनं येऊन दिवा लावला तेव्हा आम्ही अजून गाठीवरच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निरोप पाठवून मला परत बोलावलं. एक राहिलं म्हणाले. कागदाच्या सुरुवातीला जो कोणी उघडेल त्याला नमस्कार लिहा. मी त्यांच्यासमोरच लिहिला. त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ नेला, अक्षरं दिसत नव्हती तरी बघितला, आणि माझ्या हातात दिला.