चिमट्यापासून सुरुवात

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, लकवा मारला तेव्हा ते आरशासमोर दाढी करत होते. दवाखान्यात लवकर पोचलो म्हणून जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. आवाज होता, शब्द सापडत नव्हते. चष्मा हवा असला तर ते भिंतीकडे बोट करून "ते... ते..." म्हणत राहायचे. आम्ही पंखा लावायचो, मग बंद करायचो, आणि शेवटी ते डोळे मिटून घ्यायचे.

मामाजींनी सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात वेल्डर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून ते आणि सासूबाई शहरात, महाल भागातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले. माझा नवरा औषधांच्या कंपनीत, अर्धा महिना फिरतीवर. मी दुपारच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. त्यामुळे सकाळी त्यांना बोलण्याच्या व्यायामाला घेऊन जाणं माझ्याकडे आलं.

तिथल्या मॅडम तरुण होत्या, मनापासून शिकवायच्या. टेबलावर चित्रांची कार्डं मांडायच्या. आंबा, गाय, छत्री. तशीच कार्डं माझ्या वर्गात भिंतीला लावलेली आहेत. मामाजींनी गायीचं कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड उपडं करून ठेवलं. पुढच्या खेपेला ते पलंगावरून उठलेच नाहीत.

दिवाळीच्या सुमारास नरखेड तालुक्यातल्या गावाहून फोन आला. नवऱ्याचे मोठे चुलत भाऊ, म्हणजे माझे भासरे, तिकडची संत्र्याची बाग पाहतात. विहिरीजवळची टिनाची शेड पाडून तिथं ठिबकची टाकी बसवायची होती.

"काकाची जुनी गाडी पडून आहे गा शेडात," ते नवऱ्याला म्हणाले. "घेऊन जातो का भंगारवाल्याले देऊ?"

ही मामाजींची तरुणपणची मोटारसायकल. टू-स्ट्रोक, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. नोकरी लागल्यावर घेतलेली. खापरखेड्याहून गावाला ते तिच्यावरच यायचे. पुढं स्कूटर आली, तेव्हा ही गावीच ठेवली. काही वर्षं तिच्यावरून बागेत खताची पोती गेली, मग ती बंद पडली आणि कोणी परत उभी केली नाही.

"देऊन टाका," नवरा म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. पलंगावरून मामाजींनी डाव्या हातानं गादीवर थाप मारली आणि म्हणाले, "नाई."

आजारानंतर त्यांच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही छोटा टेम्पो करून गावी गेलो. मामाजींना घरी थांबवायचा प्रयत्न केला, पण ते काठी घेऊन आधीच दाराशी उभे होते. बागेत संत्र्यांची तोड चालू होती, क्रेट रचलेले होते. शेडमध्ये पोत्यांखालून भासऱ्यांनी गाडी ओढून काढली. सीट उंदरांनी कुरतडलेली, टाकीला खालून भोक, हँडल गंजून लाल झालेलं. मागचं चाक तर नव्हतंच. ते कुठल्याशा हातगाडीला गेलं होतं.

मामाजी बराच वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "चिमटा."

भासऱ्यांनी घराकडे हाक मारली आणि जाऊबाई स्वयंपाकघरातला पोळ्यांचा चिमटा घेऊन आल्या. मामाजींनी मान हलवली. काठीचं टोक त्यांनी गाडीच्या मागच्या भागाला लावलं. मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांमध्ये धरलेलं असतं, तिथं.

"चिमटा," ते पुन्हा म्हणाले. मग काठी वर सरकली. "मडगार्ड." आणखी पुढे. "टाकी."

भासरे पाठ फिरवून क्रेट मोजत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते हे मला जाऊबाईंनी नंतर सांगितलं.

गाडी महालात आणून आमच्या फ्लॅट-स्कीमच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात ठेवली. मी बोलण्याच्या व्यायामाच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, गाडीचे भागच कार्डं समजा, रोज त्यावरच बोला. चुकीचा शब्द आला तरी हसू नका, अडवू नका. शब्द येतोय हे महत्त्वाचं.

दोन गल्ल्या पलीकडे एक वयस्क मिस्त्री आहेत, जुन्या गाड्यांचं काम करणारे. त्यांना बोलावलं. त्यांनी इंजिन उतरवून नेलं आणि जाताना म्हणाले, "इंजिन माझ्याकडे राहू द्या. लोखंड तुम्ही सासरे-सून पाहा."

मग आमच्या सकाळी ठरून गेल्या. मामाजी प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी खाली गोणपाटावर. घासलेटानं चिकट काळं काढायचं, वायर ब्रशनं गंज उडवायचा, मग पॉलिश पेपर. मी एकेक भाग हातात धरायची, ते नाव सांगायचे, मी पाठोपाठ म्हणायची. पुष्कळ नावं मला माहीतच नव्हती, त्यामुळे मी खोटं खोटं विचारतेय असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं.

शब्द येऊ लागले, पण भलतीकडेही जाऊ लागले. एकदा सासूबाई चहा घेऊन खाली आल्या तर मामाजी त्यांना म्हणाले, "प्लग, साखर कमी."

सासूबाई कप हातात धरून उभ्याच राहिल्या. "एवढा संसार केला अन् मी प्लग होय?"

"आई, साखर कमी हे बरोबर बोलले ना," मी म्हटलं.

"हाव, ते बोलले." त्यांनी कप दिला आणि वर जाता जाता शेजारणीला ही गोष्ट हसत सांगितली. मग कितीतरी दिवस आमच्या घरात त्या प्लगच होत्या, आणि त्याही त्या नावाला ओ देत होत्या.

चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, मोकळी झाल्यावर ती वाळूच्या माऱ्यानं साफ करायला दिली. परत आली ती राखाडी, कोरीकरकरीत. आणि तेव्हाच तडा दिसला. हँडलच्या खाली, जिथं चेसिसचे नळ एकत्र येतात, तिथं केसाएवढी रेघ. आम्ही सगळे मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये होतो.

"इथं वेल्डिंग करा लागन," मिस्त्री म्हणाले. "नाई तर चालता चालता मान तुटन."

मामाजींनी डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर हेच काम केलं त्याला नको कसं म्हणायचं. शेवटी मिस्त्रींनीच एक भंगारातला पाइप शिकंज्यात आवळला आणि वेल्डिंगचा होल्डर मामाजींच्या डाव्या हातात दिला. "काका, आधी याच्यावर हात बसवा."

मामाजींनी काळ्या काचेचा टोप डोक्यावर घेतला. ठिणग्या उडाल्या, रॉड पाइपला चिकटला. त्यांनी तो हिसकून काढला, पुन्हा लावला. डाव्या हाताला ती चाल माहीतच नव्हती. काही वेळानं त्यांनी टोप काढून पाहिलं. पाइपवर लोखंडाचे गोळे साचले होते आणि एका ठिकाणी भोक पडलं होतं. त्यांनी होल्डर हळूच खाली ठेवला, काठी घेतली आणि घराकडे चालू लागले. मी मागे मागे गेले.

त्यानंतर ते पार्किंगमध्ये येईनात. जेवायचे, पडून राहायचे. आलेले शब्दही आत गेल्यासारखे झाले.

"राहू दे वं आता," सासूबाई मला म्हणाल्या. "लोखंडाच्या पायी माणूस अजून खचून राहिला. काहून मागे लागते?"

मला त्यांचं पटत होतं. नवराही फोनवर तेच म्हणाला. पण टाकी अर्धी घासून पडली होती आणि मला अर्धवट काम दिसलं की चैन पडत नाही. म्हणून एका सकाळी मी एकटीच खाली जाऊन बसले. पॉलिश पेपर कोरडाच खरखरत होता, पार्किंगमध्ये त्याचा आवाज घुमत होता. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. थोड्या वेळानं जिन्यात काठी वाजली. मामाजी एकटे, कठड्याला धरून, खाली येत होते.

माझ्याजवळ येऊन ते म्हणाले, "पाणी."

मी धावत वर जाऊन पेला भरून आणला. त्यांनी तो घेतला आणि सगळं पाणी माझ्या हातातल्या पेपरवर ओतलं. मग टाकीकडे बोट केलं. ओल्या पेपरनं घासल्यावर आवाज थांबला आणि पत्रा गुळगुळीत होऊ लागला. मी हसले. त्यांच्या तोंडाची डावी बाजूही हसली.

त्याच आठवड्यात ते स्वतःहून मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. चेसिसच्या तड्यावर बोट ठेवलं आणि मग मिस्त्रींच्या खांद्यावर हात. मिस्त्री समजले. त्यांनी तड्याच्या कडा घासून घेतल्या आणि रॉड लावला. मामाजी काळी काच डोळ्यांसमोर धरून जवळ बसले. अधूनमधून म्हणायचे, "हळू."

"हाव काका, हळूच चालून राहिलो," मिस्त्री टोपाच्या आतून म्हणायचे.

काम झाल्यावर मामाजींनी मान डोलावली. मग बॅटरीच्या पेटीची तुटलेली पट्टी उचलली, टोप उचलला आणि माझ्याकडे दिला.

"मी?" मी विचारलं.

"तू."

मिस्त्रींनी हातमोजे दिले. मी होल्डर धरला आणि माझ्या मनगटावर मामाजींचा डावा हात आला. या घरात मला त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यावा लागत नव्हता, पण आमच्यात एक अंतर होतंच. सणाला पाया पडले की डोक्यावर हात, एवढाच स्पर्श. आता त्यांचा हात माझा हात ओढत होता, थांबवत होता, उचलत होता. काचेतून एक हिरवट ठिपका दिसत होता आणि त्यामागे वितळलेलं लोखंड थरथरत होतं. मला भीती वाटली, आणि ती वाटतेय हे त्यांना मनगटातून कळलं असावं, कारण त्यांनी पकड घट्ट केली.

टोप काढून पाहिलं तर माझी रेघ अळीसारखी वाकडी होती. मामाजींनी ती गार होऊ दिली, अंगठा फिरवला, पट्टी हलवून पाहिली.

"चालन," ते म्हणाले.

पुढचं काम भराभर झालं. मिस्त्रींनी कुठून तरी मागचं चाक मिळवलं, टाकीचं भोक बुजवलं, चिमट्याचे नवे बुश करून आणले, इंजिनाला नव्या रिंगा घातल्या. रंगाच्या वेळी आम्हाला वाटलं मामाजी जुनाच मरून रंग मागतील. त्यांनी रंगांच्या पट्टीवर फिक्या निळ्यावर बोट ठेवलं आणि उचलेनात.

"शाळेच्या ड्रेससारखी दिसन," सासूबाई म्हणाल्या. तशीच दिसली, आणि आम्हाला आवडली.

शिमग्याच्या थोडं आधी गाडी गल्लीत उभी केली. सासूबाईंनी कुंकू लावून नारळ फोडला. मिस्त्रींनी किक मारली, कितीदा तरी मारली. प्लग काढला, पुसला, परत बसवला. मग एकदम दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर आला आणि गल्ली दणाणली. वरच्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडायला आले होते, ते तिथंच उभे राहून पाहत बसले.

पहिल्या रविवारी नवऱ्यानं मामाजींना मागे बसवून खापरखेड्याला नेलं. मी स्कूटरवर मागोमाग. कॉलनीच्या चौकात त्यांचे जुने सोबती चहाला जमतात. त्यातल्या एकानं गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "कोणाकडून करून घेतली गा?"

मामाजी थोडा वेळ शब्द जुळवत राहिले. कोणी मध्ये बोललं नाही.

"मी अन् सुनबाईनं," ते म्हणाले. मग थांबून, "मिस्त्री होता."

उजवा हात अजून नीट उचलत नाही. गाडी ते एकटे चालवू शकणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे आणि आम्हालाही. काही सकाळी शब्द रुसतात आणि मग ते दिवसभर गप्प असतात. पण आता ते कार्डंही करतात, गायीलासुद्धा गाय म्हणतात, जरा कंटाळून. नाश्ता झाला की काठी घेऊन एकटे मिस्त्रींच्या गॅरेजवर जातात. तिथं त्यांची एक खुर्ची ठरलेली आहे. सध्या एक जुनी स्कूटर आली आहे, तिच्या पत्र्याला जागोजागी भोकं आहेत. मिस्त्रींनी तिच्या बाजूचं पत्र्याचं झाकण मामाजींच्या पुढ्यात टाकलं आहे.

आज सकाळी पोहे खाता खाता त्यांनी मला विचारलं, "शाळेले... सुट्टी कधी?"

"शनिवारी," मी म्हटलं.

"लवकर ये मंग गॅरेजवर," ते म्हणाले आणि लिंबू पिळायला सासूबाईंपुढे ताटली सरकवली.