काळ्या धाग्याची बाटली

आबांच्या होडीची मोटर आमच्या घरी आली ती छोटा हत्ती टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून. आबा तिच्या शेजारी मागं हौद्यात बसून आले. पुढं ड्रायव्हरजवळची जागा रिकामी होती. आईंना दवाखान्यात आणलं तेव्हा आबा पुढं बसले होते आणि त्या मागं, असं माझी बायको पुटपुटली. तिचं खरं होतं, म्हणून मी तिच्यावरच खेकसलो.

आमचे लोक मूळचे मेंढरांवाले. आजोबांचा कळप आबांनी विकला, नाथसागर धरणाकाठी होडी घेतली आणि पुढं होडीला मागून लावायची ही पेट्रोलची मोटर. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेवढे चार महिने मोटर उतरवून ठेवायची, तर आधी ती ड्रमभर पाण्यात चालवून आतला गाळ धुवून काढायचा, टाकीतलं पेट्रोल संपवायचं, गिअरचं तेल बदलायचं आणि शेवटी प्लग काढून त्या भोकातून आत थोडं इंजिनचं तेल सोडायचं, म्हणजे आतून गंज चढत नाही. आबा याला तेल पाजणं म्हणत. मेंढराचं पोट फुगलं की बाटलीनं तेल पाजतात, तसं.

आई गेल्यावर मी त्यांना शहरात आणायचं ठरवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललेला, आणि हे एकटे नाथसागरावर होडी घालणार. यायला तयार नव्हते. शेवटी मी अट घातली. पावसाळा आमच्याकडं काढा. खंडेनवमीला मोटरची पूजा करू आणि ती सुरू करायची दोरी ओढू. तीन दोऱ्यांत सुरू झाली तर तुम्ही होडीवर परत जा, मी अडवणार नाही. नाही झाली तर मोटर विकायची आणि कायमचं इथं राहायचं. आबा हसले. माझ्या मोटरला तीन दोऱ्या लागत्यात व्हय, म्हणाले. त्यांनी ती अट जिंकल्यासारखीच धरली.

आमच्या हर्सूलकडच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी आबांनी दोन ड्रम मोटरसाठी अडवले. बायको म्हणाली, आठ दिवस घर कसं चालवायचं? आबांनी तिच्याकडं न बघताच सांगितलं की अंघोळ केली नाही म्हणून माणूस मरत नाही, मोटर मरते. आपल्या घरात, आपल्या पाण्यावर, असं ऐकून घेणाऱ्या माणसाची मला चीड येते, आणि तो माणूस मीच होतो. मी गुपचूप पाइप धरला.

मागच्या अंगणात पत्र्याखाली लाकडी घोडीवर मोटर कसली, तिचा पाय ड्रममध्ये बुडवला. आबांनी पहिल्याच दोरीला ती सुरू केली. बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडायला लागली. ही धार चालू आहे तोवर मोटर गार असते. धार तुटली की आतला रबरी पंखा जळतो. आबांना धार दिसत नव्हती, म्हणून ते तिच्याखाली हात धरून उभे राहिले.

ती धार बघितली की मला दुसरंच आठवतं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेलो. आबांनी मोटर अशीच ड्रममध्ये लावली, आईला धारेवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि ते जाळी आवरायला गेले. चुलीवर भाकरी होती. ती उलटायला आई आत गेली, तेवढ्यात गळक्या ड्रमातलं पाणी खाली उतरलं आणि पंखा जळाला. आबांनी आईवर हात उचलला नाही. गावात त्याचं कौतुकही झालं. त्यांनी रांजणावरचा तांब्या आईच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "मोटर कोरडी ठेवलीस. आता दिवस मावळस्तोवर तूबी कोरडी ऱ्हा."

ती राहिली. घरात रांजण होता, दारात हातपंप होता, आबा दुपारभर झोपलेले होते, तरी राहिली. चुलीपुढं बसून तिनं आमच्या भाकरी केल्या. जेवताना मी तिच्यासमोर दोनदा पाणी प्यालो. दोन्ही वेळा तिनंच ओतून दिलं. ओठ चिकटत होते म्हणून ती बोलत नव्हती, आणि मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो.

तर, धुणं झालं, पेट्रोल संपून मोटर आपोआप बंद पडली. आता तेल पाजायचं. आबांकडं दोन बाटल्या होत्या, अगदी सारख्या, लांब मानेच्या, मेंढरांना औषध पाजायच्या. एकीत इंजिनचं तेल, दुसरीत वल्ह्यांना आणि होडीच्या फळ्यांना लावायचं जवसाचं तेल. नाव लिहिणं हा प्रकार त्यांच्याकडं नव्हता. कळपातलं जनावर ओळखायला गळ्यात लोकरीचा धागा बांधतात, तसे त्यांनी बाटल्यांच्या मानेला बांधले होते. काळा धागा मोटरचा, पांढरा वल्ह्यांचा. वर्षानुवर्षं तेलकट हात लागून पांढराही काळा झाला होता. डोळे चांगले होते तोवर त्यांना तो फरक कळत होता.

त्यांनी चुकीची बाटली उचलली. तपकिरीनं नाक मेलेलं, त्यांना वास आला नाही. मला आला. जवसाचं तेल वाळून लाकडावर कातडं धरतं, ते आत गेलं तर चार महिन्यांत सगळं चिकटून बसणार, हे मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी बाटलीचं तोंड भोकाला लावलं, दुसऱ्या हातानं मोटरच्या डोक्यावर थोपटलं, पी बाई, म्हणाले. मी दोन हातांवर उभा होतो. एक शब्द पुरला असता. मी पाइप गुंडाळत राहिलो.

पुढचे चार महिने मी स्वतःला सांगत होतो की हा आईचा हिशेब आहे. बरं वाटायचं. आबा रोज सकाळी पत्र्याखाली जाऊन मोटरवरून फडकं फिरवत, जाळ्याची भोकं बोटांनी चाचपून विणत, नातीला होडीत बसवायचं कबूल करत. दसऱ्यानंतर निघायचं म्हणून त्यांनी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. ती भरलेली पिशवी बघून मला आत कुठंतरी गंमत वाटायची, हेही सांगून टाकतो.

खंडेनवमीला बायकोनं मोटरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माझा लॅपटॉप आणि तिचं शिलाई मशीन शेजारीच मांडलं होतं. आबांनी नवी टोपी घातली होती. नमस्कार करून त्यांनी दोरी ओढली. ती हातभरसुद्धा आली नाही. दुसऱ्यांदा त्यांनी घोडीला पाय लावून ओढलं, टोपी पडली, झेंडूची दोन फुलं गळाली. मग दोरी माझ्या हातात दिली. तिसरी तू ओढ, म्हणाले, तुझ्यात जोर हाय. मी दात-ओठ खाऊन ओढली. असं ओढायचं नाटक छान जमलं मला, कारण खरंच ओढूनही काही होणार नव्हतं.

आबांनी पाना घेऊन प्लग काढला, भोकात करंगळी घातली, बाहेर काढून अंगठ्यावर चोळली आणि जिभेला लावली. थुंकले. मग चाचपत फळीवरून दोन्ही बाटल्या आणल्या, फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि एकेका धाग्यावर घासायला लागले. ज्या बाटलीतलं तेल कमी झालं होतं, तिचा धागा हळूहळू पांढरा झाला. तो त्यांनी डोळ्यांशी नेऊन बघितला.

"तू हितंच हुतास," ते म्हणाले.

माझं लक्ष नव्हतं, असं मी सांगितलं.

"तुझी माय असती तर बाटली हातातनं हिसकून घेतली असती."

आवाज चढवला नाही. खाली वाकून टोपी उचलली, झटकली, आणि मोटर विकून टाक, म्हणाले.

गिऱ्हाईक लासूरहून आलं आणि मोटर त्याच आठवड्यात गेली. आबा आमच्याकडंच आहेत. ऑपरेशन झालं, दिसतं चांगलं, नातीला गणितं सांगतात. तहान लागली की ते माझ्या बायकोला हाक मारतात. ती घरात नसली आणि मी पेला भरून पुढं केला, तर तहान नाय म्हणतात, आणि ती येईपर्यंत तसेच बसून राहतात.