प्रतिज्ञापत्रात वारलेला कडूबा

देवगाव रंगारीच्या कडूबानं आयुष्यात तीन वेळा गावात पेढे वाटले, आणि तिन्ही वेळा ते वाया गेले. पोरगा बिरू पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. दर उन्हाळ्यात तो फोनवर सांगायचा, "पास झालो, दादा." बापाला तो दादाच म्हणायचा. कडूबा मेंढरं भावाच्या हवाली करून सरळ दुकानात जायचा, किलोभर पेढे घ्यायचा आणि दिसेल त्याच्या हातावर एकेक ठेवायचा. चौथ्या वर्षी बिरू पेटी घेऊन घरी आला तेव्हा कळलं, की अकरा विषय राहिलेत आणि कॉलेजानं नाव कमी केलंय.

कडूबानं त्याला मारलं नाही. शिव्या दिल्या, पण त्याही मेंढरांकडं बघून. बिरू बिडकीनला ठेकेदाराकडं कामाला लागला, दोन वर्षं खोकी उचलली, आणि एका रविवारी येऊन म्हणाला, "मला परत शिकायचंय."

"लई हौस हाय का रं पेढ्यांची?" कडूबा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी कागदांची पिशवी त्यानंच माळ्यावरून काढली.

आता त्या कागदांचं काय सांगावं! गुणपत्रिका हातात पडली की समोरचा माणूस आधी चष्मा पुसायचा. शहरातल्या दोन कॉलेजांनी ती बघून 'कळवतो' म्हटलं. ती अजून कळवतायत. शेवटी पैठण रोडवरच्या एका विद्यापीठानं सांगितलं, की पुण्यात जे विषय सुटलेत ते धरून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला घेऊ. अटी दोन. मधली दोन वर्षं का वाया गेली त्याचं प्रतिज्ञापत्र पाहिजे, आणि पालकानं स्वतः येऊन हजेरीची लेखी हमी द्यायची. मुदत शुक्रवार संध्याकाळी पाचपर्यंत. हे हुकलं तर बिरूला जन्मभर खोकीच उचलायची होती, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं दोघं शहरात आले. तहसीलसमोर गोकुळ टायपिंगवाल्याची टपरी आहे. गोकुळला असली कामं तोंडपाठ. त्यानं कालच्याच कुणाच्या तरी मजकुरातलं नाव काढून तिथं बिरूचं घातलं, प्रिंट मारली, पेन्सिलीनं फुली केली आणि म्हणाला, "इथं सही." बिरूनं केली. वाचलं नाही. अहो, अकरा विषय काय उगाच राहतात! शेजारच्या नोटरीनं शिक्का मारला आणि दोघं रिक्षात बसले.

प्रवेशाचं काम करुणा मॅडमकडं होतं. त्यांनी गुणपत्रिका बघितली, कपाळाला आठ्या घातल्या. मग प्रतिज्ञापत्र वाचलं आणि आठ्या गेल्या.

"वडिलांचे अकाली निधन झाल्यामुळे शिक्षणात खंड पडला," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अरेरे. वाईट झालं. मग हे सोबत कोण आलेत?"

बिरूनं वाकून बघितलं, खाली सही त्याचीच होती. कडूबाला आधी वाटलं, मॅडम दुसऱ्याच कुणाचा कागद वाचतायत. मग ध्यानात आलं, की वारलेला माणूस आपणच.

कडूबाच्या आधी त्याच्या आईची दोन लेकरं गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घातलाच तर थुंकून द्यावा म्हणून. बावन्न वर्षं मरणानं ते नाव मानलं. गोकुळनं त्याला पाच मिनिटांत मारून टाकलं.

कागद खोटा आहे म्हणावं तर फॉर्म गेला. कडूबानं जास्त विचार केला नाही.

"मी चुलता," तो म्हणाला. "बद्रीनाथ."

बद्रीनाथ हा त्याचा धाकटा भाऊ. तो त्या वेळी गावाकडं मेंढरांमागं होता आणि आपण शहरात आलोय हे त्याला माहीत नव्हतं.

"आधारकार्ड?"

"गावाकडंच राहिलं जी." ते खिशात होतं, फोटोसकट.

"सोमवारी आणून द्या. भाऊ कशानं गेले?"

"तापानं," कडूबा म्हणाला. मग त्याला स्वतःबद्दल जरा वाईट वाटलं आणि त्यानं पुढं जोडलं, "लई कष्टाळू माणूस व्हता."

मॅडमनी हमीपत्र पुढं सरकवलं. "इथं सही करा."

आली का पंचाईत! कडूबाला जन्मात एकच शब्द लिहिता येतो, तो म्हणजे कडूबा. बिरू चौथीत असताना त्यानंच बापाकडून पाटीवर तो गिरवून घेतला होता, सहा महिने, रोज. तेव्हापासून बँकेत, सोसायटीत, कुठंच कडूबानं अंगठा दिला नव्हता. कुणी शाईची डबी पुढं केली तर त्याला राग यायचा. पण 'बद्रीनाथ' कसं काढायचं?

"अंगठा चालंल का?" त्यानं विचारलं.

मॅडमनी डबी दिली. कडूबानं अंगठा शाईत दाबला. तो कागदावर टेकणार, इतक्यात बिरूनं त्याचं मनगट धरलं.

"मॅडम, हे चुलते नाहीत. माझे वडील आहेत. त्यांना सही येते."

कडूबा भडकला. "मॅडम, ह्याचं काय बी ऐकू नका! लई खोटारडं पोरगं हाय. तीन वर्षं पास झालो, पास झालो म्हणलं, आन् अकरा विषय..." आपण काय बोलून बसलो ते तेव्हा त्याला उमगलं आणि तो थांबला.

मग बिरूनं सगळं सांगितलं. गोकुळ, न वाचता केलेली सही, पुणं, पेढे. पेढ्यांपाशी तो रडला. कडूबाला एवढी लाज आणि पोराचा एवढा अभिमान एकदम कधीच वाटला नव्हता. अंगठ्याला शाई असल्यामुळं डोळे पुसायचीही सोय नव्हती.

"हा कागद मला घेता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पाचला काम बंद होतं. दुसरा आणा, आणि त्यात खरं लिहा."

अडीच वाजले होते. दोघं परत गोकुळच्या टपरीवर.

"आजारपण टाकतो," गोकुळ म्हणाला.

"नापास झालो आणि घरी खोटं सांगितलं, असं टाका," बिरू म्हणाला.

"असं कुणी लिहीत नाय राव."

"लिही गुमान," कडूबा म्हणाला. "आन् आधी मला जिता कर."

या खेपेला बिरूनं कागद मोठ्यानं वाचला, दोनदा. नोटरी जेवायला गेला होता. तो चार वाजता आला.

पाचला सात मिनिटं कमी असताना मॅडमनी नवा कागद फाईलला लावला. "प्रवेश तात्पुरता आहे," त्या बिरूला म्हणाल्या. "पहिल्या सत्रात दोन विषय राहिले तर रद्द होईल." बिरूनं मान हलवली. मग त्यांनी हमीपत्र कडूबासमोर ठेवलं. त्यानं जीभ दातात धरून सावकाश सही केली.

"विद्यार्थ्याशी नातं?" मॅडमनी फॉर्म भरता भरता विचारलं.

"बाप!" कडूबा एवढ्या मोठ्यानं म्हणाला, की शेजारच्या टेबलावरचा कारकून दचकला.

"हळू बोला," मॅडम म्हणाल्या. "लिहितेय मी."