दारातून काय दिसते?

मडकं घेण्याआधी आपण वाजवून पाहतो ना, तशा रक्त घ्यायला येणाऱ्या बाई कोपराच्या आतल्या बाजूला दोन बोटं वाजवायच्या. शीर सापडली की म्हणायच्या, "मूठ बंद. आता सांगा, तुमच्या दारातून काय दिसते?"

तुम्ही उत्तर जुळवत असता, तोवर सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची.

मी आलापल्लीजवळच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाक करते. मूळची मालवणकडची, शाळा आठवीत सुटली. नवरा इथल्या लाकूड डेपोत ट्रक चालवतो, म्हणून इतक्या लांब आले. स्वयंपाकघरातल्या माणसांचं आणि शाळेतल्या बाकीच्यांचंही रक्त वर्षातून एकदा तपासतात. त्यासाठी सरकारी दवाखान्यातून बाई स्कूटीवर यायच्या. मागे बर्फाचा डबा, पायाशी पिशवी, आणि चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. सुई टोचणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण त्यांची वाट बघणारी रांग पाहिलीत का कधी?

आमच्या व्हरांड्यात ती लागायची. कुणाच्या दारातून मोहाचं झाड दिसे, कुणाच्या दारातून सासूची खाट. मुख्याध्यापक म्हणाले, "आमचं दार बंद असतं." बाई म्हणाल्या, "तरीच शीर लपून राह्यली." आमच्या चौकीदारभाऊंच्या मिशा पाहून अस्वल वाट सोडेल. ते सांगू लागले, "दारातून चिंच दिसते, अन् चिंचेच्या बाजूले..." तेवढ्यात नजर सुईवर गेली आणि भाऊ बाकावरच आडवे झाले. तोंडावर पाणी मारलं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "...बोअरिंगचा हापसा."

पहिल्या वर्षी मी त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी होते. त्या दिवसांत भाताचं पातेलं उतरवताना मला धाप लागायची, वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला वाटायचं, इथे करमत नाही म्हणून हे होतंय. नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं, दिवाळीला घरी गेले की मी परत येणार नाही. पेटी अर्धी भरून ठेवली होती. त्यात रक्तात काही निघालं तर त्याआधीच कामावरून काढतील, ही धास्ती वेगळी.

"हात काऊन मागं घेऊन राह्यली? सुई आहे, भाला नाई. सांग, दारातून काय दिसते?"

मला रडूच फुटलं.

"अवो, अजून टोचलं बी नाई!"

"खाडी दिसते," मी म्हटलं.

"खाडी म्हणजे?"

"नदीच. पण दिवसातून दोनदा उलटी वाहते."

बाईंचा हात थांबला. "आमच्या भामरागडले पूर आला का पर्लकोटा नदी मागं सरकते, ते मी पाह्यलं. पण रोज उलटी? मले येडी समजून राह्यली काय?"

"भरती आली की समुद्राचं पाणी आत चढतं. खरंच, बाई."

"फेकू नको," म्हणत त्यांनी कापूस दाबला. रक्त कधी घेतलं, कळलंच नाही.

दोन दिवसांनी बाई एकट्याच आल्या, थेट चुलीपाशी. माझ्या हातातला झारा पडला.

"काढून टाकणार का मला?"

"तुले कोण काढते? पोरं मोर्चा नाई काढणार काय?" त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे तुझं. बाराच्या वर पायजे, आठ आहे. धाप लागते?"

"लागते. पण ती घरच्या आठवणीनं."

बाई पाट ओढून बसल्या. "आठवणीनं डोळ्यात पाणी येते, पोरी. बादली उचलताना धाप लागते, ते रक्तानं. त्याची गोळी भेटते. आठवणीची माझ्याजवळ नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच डॉक्टरांकडे नेलं. सिकलसेलचीही तपासणी करून घेतली. तसलं काही निघालं नाही. गोळ्या सुरू झाल्या. "चहासंगं घ्याची नाई, लिंबूपाण्यासंगं घे. अन् संडास काळी होईन, तं बोंबलत येऊ नको." मी बोंबलत गेलेच. बाईंनी आधी पोटभर हसून घेतलं.

हळूहळू पातेलं एका दमात उतरू लागलं. आठवण तेवढीच यायची, पण आता तिच्यासोबत गुणगुणायलाही जमायचं. दिवाळीला गेले ते पेटी रिकामी करून, आणि आले ती सुकट भरून. एक डबा बाईंना दिला. वासाने त्यांनी नाक मुरडलं. डबा मात्र कधी परत दिला नाही.

मग दर वर्षी तेच. "काय उलटी नदीवाली, आज कोणत्या बाजूनं वाहून राह्यली?"

यंदा बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी माझ्या आईचा पत्ता नीट विचारून घेतला. मला वाटलं, सुकट मागवायची असेल.

रक्त घ्यायला नव्या मॅडम आल्या. हात हलका, पण बोलणं "मूठ बंद करा" एवढंच. सवयीनं मीच म्हणाले, "माझ्या दारातून उलटी नदी दिसते." त्यांनी माझा बीपी दोनदा मोजला. चौकीदारभाऊ इतके हसले की पुन्हा आडवे व्हायची वेळ आली.

रिपोर्ट छान आला. सांगायला बाईंना फोन करत होते, तो लागेना. तेवढ्यात आईचाच आला.

"गो, तुजी रक्तवाली बाय इलीहा, घोवाक घेवन. सकाळपासून पायरीर बसलीहा. जेवूक उठणा नाय."

"तिला दे फोन!"

आधी नुसता वारा ऐकू आला. मग बाई, एकदम हळू, "बोलू नको. पाण्यात एक नारळ आहे. समुद्राकडं चालला होता. आता थांबला."

मी झारा तसाच धरून चुलीपाशी उभी. भात खदखदत होता.

"पोरी!" बाई ओरडल्या, "परत येऊन राह्यला!"