चितरीला वाट सोडा

मला अजून राग येतो. आधी अनिमेषचा येतो, मग कैलासदादाचा, आणि शेवटी फिरून स्वतःचाच येतो. पण लिहायचं आहे ते लीलाबाईंबद्दल, कारण या सगळ्या प्रकारात माणसासारखं वागलेलं माणूस ते एकच.

लीलाबाई माझ्या घरमालकीण. माण गावात त्यांची तीन मजली इमारत आहे. वर बारा खोल्या भाड्याच्या, खाली त्या, मुलगा कैलास आणि नात सृष्टी. मी परभणीची, तीन वर्षांपासून दुसऱ्या मजल्यावर राहते आणि आयटी पार्कात नोकरी करते. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचा गोठा होता. अकरा म्हशी होत्या, आणि लीलाबाई अजून प्रत्येकीचं नाव सांगतात. जमीन गेली, म्हशी गेल्या, यजमान कोंडाजी गेले. गोठ्यातलं मागं राहिलं ते फक्त मांजर. आताची चितरी त्या गोठ्यातल्या मांजरीची पणती. काळी, पिवळी, पांढरी, ठिगळांच्या गोधडीसारखी.

जनावर ओळखायचं कसं, ते लीलाबाईंकडून शिकावं. सकाळी जिना झाडता झाडता त्या मला दाखवायच्या. गल्लीतला बोका आला की चितरी त्याच्यासमोर ठाण मांडून बसायची. दोघं एकमेकांकडे बघत घशातून लांबलचक सूर काढायचे, एक पाय उचलून तसाच हवेत धरायचे. "भांडान टाळत्यात ती," लीलाबाई म्हणायच्या. शेजारच्या खोदकामातून एकदा धामण आली, तेव्हा चितरी चार हात लांब बसून नुसती बघत राहिली. पिल्लांवाली कोंबडी दिसली की मात्र ती सरळ भिंतीवर.

"आन कुत्रं आलं की बग," लीलाबाई म्हणाल्या होत्या, "तिरकी हुबी ऱ्हाती. पाठीची कमान, शेपूट फुगवून. लोकास्नी वाटतं लई जोर आला. घाबरलेली आसती ती. आंग मोठं करून दावती. पळाया वाट आसंल तर कुनाला नख लावनार न्हाई. वाट बंद केली, मग मातुर तिचा इलाज न्हाई."

गेल्या दिवाळीनंतर अनिमेष पहिल्या मजल्यावर राहायला आला. नागपूरचा. सोबत बर्फी नावाची हस्की कुत्री. बर्फाळ मुलखातलं ते जनावर माणच्या उन्हात एका खोलीत कोंडून ठेवायचं, यातच त्याची अक्कल दिसली. अनिमेष दुष्ट नाही. मूर्ख आहे, आणि मूर्खाच्या हातात मोबाइल आहे. बर्फीला बघून चितरी कमान करून तिरकी सरकायला लागली की हा "डान्स, डान्स!" म्हणत व्हिडिओ काढायचा. लोक बघून हसायचे. मीही हसले. त्यांना निदान अर्थ माहीत नव्हता.

लीलाबाईंनी त्याला दोनदा सांगितलं, "बाबा, खेळत न्हाई ती. तिला वाट सोड."

"अहो मावशी, दोस्ती होऊन राहिली त्यांची," तो म्हणाला.

दोस्ती म्हणे!

चितरी दर वेळी जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या जाळीच्या दारातून बाहेर निसटायची आणि व्हिडिओ अर्धवट राहायचा. म्हणून एका शुक्रवारी सकाळी त्यानं ते दार ओढून घेतलं आणि कडी लावली. लीलाबाई कसल्याशा दाखल्यासाठी पौडला तहसीलमध्ये गेल्या होत्या. चितरीच्या समोर बर्फी, मागं जाळी. राहता राहिला वर जाणारा जिना. त्या जिन्यात मी उभी होते, हातात चहाचा कप घेऊन. चितरीनं एकदा वर माझ्याकडे बघितलं. मला सगळं कळत होतं, आणि मी बाजूला झाले नाही. गंमत बघायची होती मला.

तिचे कान डोक्याला चिकटले, अंग जमिनीला टेकलं. ती फिस्कारली. बर्फी हुंगायला पुढे झाली आणि चितरीनं तिचं नाक फोडलं. कुत्री केकाटत अनिमेषच्या पायांत शिरली.

अर्ध्या तासात भाडेकरूंच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला. मांजर पिसाळल्यासारखी झाली आहे, लहान मुलं आहेत, तिला हलवा, नाहीतर आम्ही खोल्या सोडतो. खाली नऊ अंगठे आले. त्यातला एक माझा. न वाचता टाकला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू? वाचून टाकला.

गावात मांजर मारत नाहीत, पाप लागतं. मग काय करतात, तर तिला पोत्यात घालतात, दिशा कळू नये म्हणून पोतं सात वेळा गरागरा फिरवतात आणि नदीपलीकडे सोडून येतात. पाप नको आणि मांजरही नको. कैलासदादानं तेच केलं आणि ग्रुपवर लिहिलं, "काम झालं."

लीलाबाई परत आल्या आणि दूधभाताची ताटली घेऊन हाका मारत सुटल्या. दोन दिवस त्या वाकून वाकून प्रत्येक गाडीखाली बघत होत्या. "गेली आसंल कुटं," कैलासदादा आईच्या तोंडावर म्हणाला. मी त्यांच्याशेजारून पायात चपला अडकवून निघून गेले.

सोमवारी सकाळी मी जिना उतरत होते. खाली अनिमेष पाठीला बॅग लावून निघाला होता आणि कैलासदादा पाण्याचा जार घेऊन वर येत होता. तेवढ्यात लीलाबाईंनी बाहेरून जाळीचं दार ओढलं, कुलूप घातलं आणि समोर स्टूल टाकून बसल्या. मांडीवर रिकामं पोतं होतं. त्याला काळे, पिवळे, पांढरे केस चिकटले होते.

"कुटं सोडलीस तिला?"

"आई, कुलूप काढ. काय येडेपना लावलाय?"

"आदी सांग."

"मावशी, माझी मीटिंग आहे हो," अनिमेष हसून म्हणाला. पाच मिनिटं तो गोड बोलला. मग त्याचा आवाज चढला. मग त्यानं दोन्ही हातांनी जाळी धरून गदागदा हलवली आणि किंचाळला, "उघडा म्हणतो ना! पोलिसांना बोलावीन!"

लीलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "बग," त्या म्हणाल्या, "वाट बंद केल्यावर तूबी फिस्कारलास. मंग आता तुला पोत्यात घालून कुटं सोडू?"

त्यानं जाळी सोडली. मी हळूच म्हटलं, "मावशी, मला तरी जाऊ द्या."

"तुला? सृष्टीनं सगळं वाचून दावलंय मला. तुजाबी आंगठा हाय. त्येंचं सोड, तुला तर म्या शिकवलं हुतं." हे त्या ओरडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उरवड्याला," कैलासदादा पुटपुटला. "कारखान्याच्या मागं. मारली न्हाई ना म्या, सोडली फकस्त."

"मारायची छाती न्हाई आन सांभाळायची दानत न्हाई! सात गिरक्या दिल्यास व्हय रं तिला?" त्या उठल्या आणि त्यांनी कुलूप काढलं.

त्यांनी आम्हा तिघांनाही कैलासदादाच्या गाडीत बसवलं. मीटिंगचं नाव कुणी काढलं नाही. उरवड्याच्या कारखान्यामागं भंगारात लाकडी फळ्यांचा ढीग होता, त्याच्याखाली चितरी होती. एक कान फाटलेला, पोट खपाटीला. बाहेर दोन कुत्री राखण करत होती. लीलाबाईंनी दगड उचलून ती हाकलली. कैलासदादा तिला धरायला वाकला, तशी ती फिस्कारली. लीलाबाईंनी शर्टाला धरून त्याला मागं ओढलं.

"सरका समदी. वाट सोडा तिला."

आम्ही सरकलो. त्या ढिगाकडे पाठ करून जमिनीवर बसल्या, पदर शेजारी पसरला. तासभर त्यांनी मान वळवली नाही. उन्हानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. शेवटी चितरी बाहेर आली, थांबली, पुन्हा आली, आणि पदरावर बसली.

त्याच संध्याकाळी लीलाबाईंनी कैलासदादाकडून ते जाळीचं दार बिजागऱ्यांसकट काढून घेतलं. अनिमेष अजून राहतो, पण बर्फीचा पट्टा आखूड धरतो. चितरी त्या दोघांना बघून आता नुसती भिंतीवर जाऊन बसते.

मी जिना उतरले की मात्र ती तिरकी उभी राहते. पाठीची कमान, शेपूट फुगलेलं. लीलाबाई झाडू थांबवत नाहीत, वर बघतही नाहीत.

"खेळत न्हाई ती," म्हणतात.

मला माहीत आहे. मी जिन्यात भिंतीला चिकटून उभी राहते आणि ती वर निघून जाईपर्यंत थांबते.