वाडीच्या माथ्यावरचा पाईप

पंचेचाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. महाडला इंजिनिअरिंग शिकवतो. संशोधनाचा विषय डोंगरउतारांची स्थिरता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एका वाडीच्या माथ्यावर, खोल भोक पाडून मी एक पाईप बसवला. जमीन आतल्या आत किती सरकते, ते त्यातून मोजायचं. न सरकणाऱ्या डोंगरावर प्रबंध होत नाही. म्हणून पाऊस धरून लागला की मनात एक इच्छा डोकं वर काढते, आणि लगेच पाईपाखालची घरं डोळ्यांपुढे येतात. मग जेवण जात नाही.

सगळ्यात वरचं घर एका मावशींचं. आषाढात मोजणीला गेलो, तर पाईपाच्या टोपणाला हळदकुंकू आणि पुढ्यात नारळ फोडलेला.

"मावशी, हे काय?"

"राखणदाराला मान नको? तुमी पुरलात, पन ऱ्हातो आमच्या हद्दीत."

त्यांचे यजमान ओट्यावर तंबाखू मळत होते. "सर, अख्खा नारळ त्याला. मला खोबऱ्याचा तुकडा नाय!"

मी हसलो आणि निघालो. समजावणं पुढच्या खेपेवर टाकलं.

पुढची खेप आली ती अतिवृष्टीच्या इशाऱ्यासोबत. वाडी खालच्या शाळेत उतरली होती. मावशी तेवढ्या हलेनात.

"राखणदार हाय ना वर. तो धरंल डोंगराला."

"मावशी, तो धरत नाही. नुसता मोजतो."

"मग पुरलात कशाला?"

माझ्या पदवीसाठी, हे न सांगता मी पाईपाकडे वळलो. वर जाऊन मोजणी केली. काहीच हललं नव्हतं. खाली येऊन म्हणालो, "पाईप सरकलाय. निघा."

चुलीवरची भाकरी तव्यातच टाकून दोघं निघाली.

डोंगर पडला नाही. पण वाडीभर झालं, राखणदार बोलतो. आता सरकारी इशाऱ्याला कोणी विचारत नाही. मला फोन येतो. दोन मोजण्यांच्या मधल्या एका रात्रीतही डोंगर खाली येऊ शकतो, त्याचा पाईपाला पत्ता लागणार नाही, हे मी शाळेत बैठक घेऊन सांगितलं. माणसांनी माना डोलावल्या. चहा झाला. उठताना एकानं विचारलं, "म्हंजे आता काय म्हनतोय तो?"

तेव्हापासून इशारा आला की मी पाईप न बघताच सांगतो, सरकतोय, निघा. दरवेळी उतरतात, दरवेळी डोंगर जागेवर असतो.

काल दुपारी पुन्हा इशारा होता. मीच फोन केला.

"मावशी, सरकतोय. निघा."

पलीकडून हसू आलं. "तुमचा राखणदार लबाड हाय हो, सर. एवढ्या भाकऱ्या होऊ द्या, मग निघतो."

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. घाई नव्हती त्यात.